बर्लिन ते म्युनिक : सीमेन्सच्या तारेमागून पाच दिवस

पहिला दिवस, मंगळवार : शोनेबर्गर रस्ता आणि पहिली तार

बर्लिनचं जर्मन तंत्रसंग्रहालय आणि राव्हेन्सब्रुकचं छळछावणी-स्मारक, दोन्ही सोमवारी बंद. म्हणून सुरुवात मंगळवारी आणि शेवट शनिवारी म्युनिकला, असा बेत ठेवला. तिकिटाचं एवढं लक्षात ठेवावं : बर्लिनच्या वाहतुकीचे ए, बी आणि सी असे तीन पट्टे आहेत. पहिल्या तीन दिवसांतलं जवळजवळ सगळं ए-बी पट्ट्यात येतं, फक्त दुसऱ्या दिवशीच्या श्टान्सडोर्फला सी पट्टा लागतो. कागदी तिकिटावर फलाटावरच्या पेटीत वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. तो नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस साध्या कपड्यांत हिंडत असतात.

एस-बानने, म्हणजे शहरी लोकलने, आनहाल्टर बानहोफला उतरलं की वर एका जुन्या प्रचंड स्थानकाचा दर्शनी भाग तेवढा उभा दिसतो. बाकीचं स्थानक युद्धात आणि युद्धानंतर गेलं. इथून कालव्याच्या दिशेने शोनेबर्गर रस्ता निघतो. या रस्त्यावरच्या १९ क्रमांकाच्या घराच्या मागच्या अंगणात १२ ऑक्टोबर १८४७ रोजी आजच्या सीमेन्स या विद्युत कंपनीची पहिली कार्यशाळा सुरू झाली : ‘टेलिग्राफेन-बाऊआन्श्टाल्ट फॉन सीमेन्स उंड हाल्स्के’. ते घर आता नाही. पण स्थानकापासून किती पावलांवर होतं ते चालून पाहण्यासारखं आहे, कारण तारायंत्राचं पहिलं मोठं गिऱ्हाईक रेल्वेच होती आणि तारा जायच्या त्या रुळांच्या कडेने.

वेर्नर सीमेन्स तेव्हा प्रशियाच्या तोफखान्यात लेफ्टनंट होता आणि नोकरीत असतानाच हा उद्योग सुरू झाला. योहान गेओर्ग हाल्स्के हा कसलेला यंत्रकारागीर. कल्पना वेर्नरची, हात हाल्स्केचा. दोघांकडेही भांडवल नव्हतं. ते वेर्नरच्या चुलतभावाने दिलं, ६,८४२ थालर. सुरुवातीला कामगार दहाच्या आसपास.

या कंपनीचा इतिहास बहुतेक ठिकाणी शोधांची यादी म्हणून सांगितला जातो. आम्ही तो दुसऱ्या बाजूने पाहायचं ठरवलं. तारेत घातलेली वीज मधेच कुठे गळते आणि परत कोणत्या वाटेने येते, या दोन प्रश्नांशी ही माणसं पन्नास वर्षं झगडली, आणि कंपनी वाढली ती त्या झगड्यातून.

पहिलं उत्पादन म्हणजे काट्याचं तारायंत्र. गोल तबकडी, कडेने अक्षरांची बटणं, मधे फिरणारा काटा. दोन्ही टोकांना अशी एकेक पेटी. त्याआधीच्या काट्याच्या यंत्रांत पाठवणारा माणूस ठोके पाठवी आणि पलीकडचा काटा ठोक्यागणिक एक घर सरके. एखादा ठोका गळाला की पुढचा सगळा मजकूर एका घराने चुके. वेर्नरने विजेच्या घंटेची युक्ती वापरली. विद्युतचुंबक पट्टी ओढतो, पट्टी हलताच मंडल तुटतं, स्प्रिंग पट्टीला मागे आणते, मंडल पुन्हा जुळतं. दर हेलकाव्याला दातेरी चाक एक दात पुढे जातं. दोन्ही टोकांची यंत्रं एकाच मंडलात एकामागोमाग जोडलेली असल्यामुळे दोन्ही पट्ट्या जागेवर आल्याशिवाय मंडल जुळतच नाही. त्यामुळे एक काटा दुसऱ्याच्या पुढे पळू शकत नाही. बटण दाबलं की खिळीला काटा अडतो, मंडल उघडं राहतं आणि पलीकडचा काटाही त्याच अक्षरावर थांबतो. पहिला नमुना वेर्नरने सिगारच्या खोक्याचं लाकूड, पत्रा, थोडं लोखंड आणि तांब्याची तार एवढ्यावर उभा केला होता. या यंत्राचं सगळं मर्म जुळणी-तुटणीच्या त्या एका टोकात आहे.

दुसरा प्रश्न तारेच्या आवरणाचा. मलायातल्या झाडाचा चीक, गटापर्चा, नुकताच लंडनला पोचला होता. भाऊ विल्यमने तिथून नमुना पाठवला. गरम केला की मऊ, थंड झाला की कडक, आणि विजेला उत्तम अडवणारा. आधी त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये तार ठेवून कडा दाबून चिकटवायचे. त्या सांध्यातून ओल शिरायची. वेर्नर आणि हाल्स्के यांनी दाबयंत्र बनवलं : तापवलेल्या नळकांड्यात गटापर्चा, वरून दट्ट्या, आणि खालच्या भोकातून मधोमध तार. सोऱ्यातून शेव पडावी तसं आवरण तारेभोवती अखंड बाहेर येतं, सांधा राहतच नाही. आजही केबलच्या कारखान्यात प्लॅस्टिकचं आवरण याच तत्त्वाने चढतं.

१८४८ मध्ये प्रशिया सरकारने बर्लिन ते फ्रांकफुर्ट तार टाकायचं काम दिलं. अंतर ५०० किलोमीटरच्या वर. राजकीय धामधुमीचे दिवस होते, उघड्या तारा कोणी तोडील या भीतीने बराचसा भाग जमिनीखालून न्यायचा ठरला. २८ मार्च १८४९ रोजी फ्रांकफुर्टच्या राष्ट्रसभेने प्रशियाच्या राजाची सम्राट म्हणून निवड केली आणि ही बातमी तासाभराच्या आत बर्लिनला पोचली. राजाने तो मुकुट नाकारला, ती गोष्ट वेगळी. तार मात्र गाजली.

आणि मग ती नासायला लागली. कारणं समजून घेण्यासारखी आहेत. घाई आणि काटकसर म्हणून तार जेमतेम हाताच्या खोलीवर पुरली होती, रेल्वेच्या भुसभुशीत भरावात, आणि वरून लोखंडाचं किंवा शिशाचं चिलखत नव्हतं. उंदीर-घुशींनी आवरण कुरतडलं. गटापर्चा टिकाऊ व्हावा म्हणून त्यात गंधक मिसळला होता. त्या गंधकाची तांब्याशी क्रिया झाली आणि आवरण आतूनच खराब झालं. शिवाय एक न दिसणारी अडचण होती. आवरणातली तार आणि भोवतालची ओली माती मिळून एक लांबलचक लायडन जारच, म्हणजे वीज साठवणारी बरणीच, तयार होते. ठोका सोडला की आधी तार भारली जाते, मग उरलेला प्रवाह पलीकडे पोचतो आणि ठोके एकमेकांत मिसळतात. वेर्नरने हे ओळखलं आणि लिहूनही ठेवलं, पुढे समुद्राखालच्या केबलींना त्याचा उपयोग झाला. पण १८५१ मध्ये त्याने अपयशाची कारणं छापून मांडली तेव्हा प्रशियाच्या तार खात्याशी संबंध तुटले. सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं.

कालवा ओलांडून तंत्रसंग्रहालय दहा मिनिटांच्या चालीवर आहे. तिथे दळणवळणाच्या दालनापासून सुरुवात करावी. जहाजं आणि रेल्वेच्या इंजिनांकडे आधी वळलात तर दिवस तिथेच संपतो.

दुसरा दिवस, बुधवार : मार्कग्राफेन रस्ता, ग्लाइसड्राइएक, लिश्टरफेल्ड, श्टान्सडोर्फ

यू-६ या भुयारी रेल्वेच्या कोखश्ट्रासे स्थानकावरून मार्कग्राफेन रस्ता दोन मिनिटांवर. १८५२ पासून कारखाना इथे ९४ क्रमांकाला होता. जुनं काही उरलेलं नाही, रस्ता तेवढा आहे. पण कंपनी खऱ्या अर्थाने इथे घडली, त्यामुळे इथे थांबून काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

प्रशिया गेली तेव्हा रशियाने तारलं. १८५३ ते १८५५ या काळात, क्रिमियन युद्धाच्या धामधुमीत, सुमारे ९,००० किलोमीटर तारा रशियात टाकल्या गेल्या. सेंट पीटर्सबर्गला भाऊ कार्ल बसला. टाकणीपेक्षा जास्त पैसा देखभालीच्या कराराने दिला. एवढ्या निर्मनुष्य मुलखात तार कुठे तुटली हे कळायचं कसं? मार्गावरच्या चौक्यांत एकेक साधा गॅल्व्हनोस्कोप तारेला जोडून ठेवला. चौकीदाराला तारेची भाषा यायची गरज नव्हती. सुई हलते आहे तोवर तार धड. बराच वेळ हलली नाही की तार बिघडली, मग ठरावीक पद्धतीने तार जमिनीला जोडून बिघाड कोणत्या बाजूला आहे ते ताडायचं आणि घोडेस्वार त्या दिशेला सोडायचा. बिघाड शोधण्याचा खर्च असा उतरला की करार फायद्यात गेला.

बिघाड मोजून शोधायचा तर रोधाचं, म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचं, एकक हवं. १८६० मध्ये वेर्नरने सुचवलं : एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ, शून्य अंश तापमानाला. तार ओढताना तिच्यात फरक पडतो, पाऱ्यात पडत नाही. नळी असेल तर हे एकक कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा बनवता येतं. रोधाचं आजचं एकक ओहम पुढे वेगळ्या वाटेने ठरलं, पण १९७१ पासून वाहकतेचं, म्हणजे रोधाच्या उलट राशीचं, आंतरराष्ट्रीय एकक ‘सीमेन्स’ आहे. आपल्याकडे पॉलिटेक्निकच्या जुन्या वह्यांत त्यालाच ‘म्हो’ लिहिलेलं सापडतं.

याच रस्त्यावरून हिंदुस्थानची तार निघाली. त्याआधी लंडनहून कलकत्त्याला तार जायची ती तुर्कस्तानातून, हातोहात, ठिकठिकाणी पुन्हा लिहून. कित्येक दिवस लागत आणि मजकूर ओळखू येणार नाही इतका बिघडे. १८६८ ते १८७० मध्ये सीमेन्स बंधूंनी लंडन, एम्डेन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, केर्च, तिफ्लिस, तेहरान अशी एकाच यंत्रणेची तार उभी केली. तेहरानपुढे बुशेहर आणि इराणच्या आखातातल्या केबलने ती कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या बंदराला, आणि तिथून कलकत्त्याला जोडली गेली. एकूण सुमारे ११,००० किलोमीटर. वाटेतल्या स्थानकांवर माणसाने मजकूर उतरवून घ्यायचा नाही, रिलेने, म्हणजे आलेल्या ठोक्यावर पुढचं मंडल जोडणाऱ्या चुंबकी स्विचने, तो आपोआप पुढे ढकलायचा, हे या मार्गाचं बळ. खांबावरच्या चिनी मातीच्या विद्युतरोधकांना लोखंडी टोप्या घातल्या होत्या, दगडाने किंवा गोळीने फुटू नयेत म्हणून. १२ एप्रिल १८७० रोजी लंडनहून तेहरानला एका मिनिटात आणि कलकत्त्याला २८ मिनिटांत संदेश पोचला. त्याच उन्हाळ्यात काळ्या समुद्राच्या किनाऱ्याची केबल भूकंपात गेली, मग तिथे जमिनीवरून तार न्यावी लागली. हा मार्ग १९३१ पर्यंत चालला.

आणि १८६६ च्या अखेरीस डायनॅमो. तोवर वीज बनवायची यंत्रं पोलादी कायम चुंबकांवर चालत. मोठी वीज हवी तर चुंबकांची रासच रचावी लागे आणि हादऱ्यांनी त्यांचं चुंबकत्व उतरे. वेर्नरने ते काढून नरम लोखंडाचे विद्युतचुंबक बसवले, आणि त्यांना वीज दिली ती त्याच यंत्राची. पण सुरुवातीला वीजच नाही, तर चुंबक येणार कुठून? लोखंडात आधीच्या वेळचं किंचित चुंबकत्व शिल्लक असतं. त्याने तिळभर वीज तयार होते, ती चुंबक वाढवते, वाढलेला चुंबक आणखी वीज देतो, आणि लोखंड तृप्त होईपर्यंत हे चढत जातं. १७ जानेवारी १८६७ ला बर्लिनच्या अकादमीत हे वाचलं गेलं. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली त्याच सुमारास तिथेच पोचले होते, हेही सांगायला हवं.

जुना डीसी जनरेटर हाताळलेल्यांना यातली खोच माहीत असते. चुंबकक्षेत्राची वेटोळी उलटी जोडली, किंवा यंत्र उलट्या दिशेने फिरवलं, तर तयार होणारी वीज उरलंसुरलं चुंबकत्वच पुसून टाकते. यंत्र जोरात फिरतं, व्होल्टमीटर मात्र शून्यापाशी. उपाय तोच : जोडणी तपासायची आणि बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन लोखंडाला पुन्हा चुंबकत्व द्यायचं. पहिल्या यंत्रांचं आणखी एक दुखणं होतं, आर्मेचरचं, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं, सलग लोखंड भोवरी प्रवाहांनी तापायचं. १८७२ मध्ये कंपनीतल्याच हेफ्नर-आल्टेनेकने पिंपाच्या आकाराचं आर्मेचर आणलं तेव्हा हे यंत्र दिवसभर चालवण्याजोगं झालं.

हाल्स्के १८६७ मध्ये बाहेर पडला. त्याला हाताखालून जाणारं, निगुतीने घासूनपुसून तयार केलेलं काम हवं होतं. समुद्रात केबल बुडवण्याचे जुगार आणि घाऊक उत्पादन त्याला मानवलं नाही. त्याच्याबद्दल आम्हाला फार आदर वाटतो. नावातला अर्धा भाग त्याचा होता, आणि तो पुढे जवळजवळ शंभर वर्षं टिकला.

कोखश्ट्रासेहून एक स्थानक खाली हालेशेस टोर, तिथे यू-१ किंवा यू-३ पकडून ग्लाइसड्राइएकपर्यंत लोखंडी पुलावरून जायचं. हा बर्लिनच्या पहिल्या उन्नत आणि भुयारी रेल्वेचा मूळ भाग, सीमेन्स आणि हाल्स्केने बांधलेला, फेब्रुवारी १९०२ मध्ये सुरू झालेला. फलाटाच्या टोकाला उभं राहून तिसऱ्या रुळाकडे नीट पाहावं. या जुन्या, अरुंद मार्गांवर डबा सुमारे २.३० मीटर रुंद आहे आणि डब्याचा वीज घेणारा जोडा तिसऱ्या रुळावर वरून टेकतो. उद्याच्या यू-७ वर डबा २.६५ मीटरचा आणि जोडा खालून लागतो. खालून लागणाऱ्या रुळावर वरून झाकण घालता येतं, त्यामुळे बर्फ, पानं आणि माणसाचा पाय यांपासून तो जास्त सुरक्षित. वरून लागणारा आधीचा, खालून लागणारा नंतर शिकून सुधारलेला. ग्लाइसड्राइएक म्हणजे रुळांचा त्रिकोण. १९०८ मध्ये थांब्याची खूण ओलांडून आलेल्या गाडीने दुसरीला धडक दिली आणि डबा पुलावरून खाली कोसळला. त्यानंतर त्रिकोण काढून एकावर एक जाणाऱ्या मार्गांचं स्थानक बांधलं गेलं. नाव तेवढं राहिलं.

यू-२ ने पॉट्सडामर प्लाट्झ आणि तिथून एस-२५ ने लिश्टरफेल्ड ओस्ट. १६ मे १८८१ रोजी या स्थानकापासून सैनिकी विद्यालयापर्यंत जगातली पहिली नियमित विद्युत ट्राम सुरू झाली. सुमारे अडीच किलोमीटर, मीटर गेज, १८० व्होल्ट. वर तार नाही, तिसरा रूळ नाही. एका रुळातून वीज जायची, दुसऱ्यातून परत यायची. लाकडी स्लीपर हाच काय तो आडोसा. कोरड्या दिवशी ठीक. पाऊस पडला की ओल्या लाकडातून आणि मातीतून वीज गळायची. आणि जिथे रस्ता रूळ ओलांडतो तिथे नालबंद घोड्याचा एक पाय एका रुळावर, दुसरा दुसऱ्यावर पडला की त्याला झटका बसायचा. माणसाच्या बुटाचं कातडं वाचवतं, घोड्याची लोखंडी नाल नाही. भर वस्तीत वीज रुळांतून न्यायची नाही, ती डोक्यावरून न्यायची, हा धडा इथला.

एस-२५ चं शेवटचं स्थानक टेल्टो श्टाट, तिथून बसने श्टान्सडोर्फ. २०० हेक्टरांहून मोठं, पाइनच्या रानातलं दफनस्थान आहे. सीमेन्स कुटुंबाची जागा इथे. वेर्नर ६ डिसेंबर १८९२ ला वारला, आधी शहरात पुरला गेला आणि नंतर इथे हलवला गेला. पूर्वी वान्झेहून खास दफनस्थानासाठी रेल्वे येत असे, १९६१ च्या भिंतीने ती तुटली ती कायमची. अंधार पडायच्या आत बाहेर पडावं, रानात वाटा सारख्या दिसतात.

तिसरा दिवस, गुरुवार : सीमेन्सश्टाट

म्योकर्नब्रुकेहून यू-७ ने थेट रोरडाम. शहरातल्या जागा भरल्या तेव्हा १८९७ मध्ये कंपनीने श्पांडाऊ आणि शार्लोटेनबुर्ग यांच्या मधली नोनेनडामची ओसाड कुरणं घेतली. जमीन स्वस्त होती आणि स्प्रे नदी लागून होती, म्हणजे कोळसा, तांबं आणि पोलाद तराफ्यांनी दाराशी. १८९९ मध्ये आधी केबलचा कारखाना आला. १९१४ मध्ये वस्तीलाच सीमेन्सश्टाट नाव मिळालं.

नोनेनडाम आलेवरची शाल्टवेर्क ही उंच इमारत आधी पाहावी. १९२६ ते १९२८, रचनाकार हान्स हेर्टलाइन. पोलादी सांगाडा, विटांचं अंग, १७५ मीटर लांब, ४५ मीटर उंच. युरोपातला हा पहिला बहुमजली उत्तुंग कारखाना. बाहेरून दिसणारे उभे मनोरे शोभेचे नाहीत. जिने, लिफ्ट आणि स्वच्छतागृहं मुद्दाम इमारतीच्या अंगाबाहेर काढली आहेत, म्हणजे आत मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा राहतो, स्विचगिअरची जोडणी बदलली की यंत्रांची मांडणीही बदलता येते. आज नव्या कारखान्याचा आराखडा काढणाऱ्यानेही ही इमारत बाहेरून का होईना, फिरून पाहावी.

जवळच १९१० ते १९१३ मधलं मुख्य प्रशासकीय घर, आणि थोडं पुढे वेर्नरवेर्कचा सुमारे ७० मीटर उंच घड्याळाचा मनोरा. घड्याळ सगळ्या वस्तीला दिसतं, पण मनोरा बांधला तो मुळात आत धुराडं आणि पाण्याची टाकी दडवण्यासाठी. बरेचसे आवार बंद आहेत आणि सध्या ७० हेक्टरांवर नवी वस्ती उभारण्याचं काम चालू आहे, त्यामुळे कुंपणाच्या बाहेरूनच पाहायची तयारी ठेवावी.

मग सीमेन्सबानच्या लोखंडी पुलाकडे. हजारो कामगार रोज येणार, बस आणि ट्राम अपुऱ्या, म्हणून कंपनीने स्वतःच्या जागेवर स्वतःच्या पैशाने साडेचार किलोमीटरचा फाटा बांधला : युंगफेर्नहाइडे, वेर्नरवेर्क, सीमेन्सश्टाट, गार्टेनफेल्ड. १८ डिसेंबर १९२९ ला तो सुरू झाला, गाड्या राइश्सबानने, म्हणजे सरकारी रेल्वेने, चालवल्या. सप्टेंबर १९८० च्या एस-बान संपात गाड्या थांबल्या आणि पुन्हा सुटल्याच नाहीत. यू-७ रोरडामपर्यंत आली १ ऑक्टोबर १९८० ला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनी. चाळीसेक वर्षं फलाटांवर बर्चची झाडं वाढली. आता तो मार्ग पुन्हा सुरू करण्याचं काम चालू आहे.

दुपारी गोबेल रस्त्यावरची मोठी वसाहत. १९२९ नंतरची, शारून, ग्रोपिउस, बार्टनिंग, हेरिंग या रचनाकारांच्या हातची, २००८ पासून जागतिक वारसा. बार्टनिंगची रस्त्याबरोबर वळत जाणारी लांबच लांब चाळ इथलेच लोक ‘लांब रडगाणं’ म्हणत. नाव सीमेन्सचं असलं तरी ही वसाहत कंपनीने बांधलेली नाही, शहराच्या गृहयोजनेतली आहे. हा घोटाळा पुष्कळ जण करतात.

चौथा दिवस, शुक्रवार : राव्हेन्सब्रुक

मुख्य स्थानकावरून आरई-५ या प्रादेशिक गाडीने फ्युर्स्टेनबेर्ग, तासाभराचा प्रवास. ब्रांडेनबुर्ग-बर्लिनचं दिवसाचं तिकीट आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतरच चालतं. स्थानकापासून स्मारक अर्ध्या तासाच्या चालीवर, तळ्याच्या कडेने. प्रवेश मोफत.

१९३९ मध्ये उघडलेली ही नाझींची स्त्रियांची छळछावणी. १९४२ च्या उन्हाळ्यापासून सीमेन्स आणि हाल्स्केने छावणीच्या भिंतीबाहेर कामाच्या शेड उभ्या केल्या. कैदी स्त्रियांकडून बारीक तारेची वेटोळी गुंडाळून घेतली जात, रिले आणि टेलिफोनचे भाग जोडून घेतले जात. केसाएवढी तार, दिवसाला ठरवून दिलेला आकडा. दृष्टी गेली, हात थरथरले, आकडा भरला नाही की मुख्य छावणीत परत, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मजुरी कंपनी छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेला देई, बाईच्या हाती काही नाही. १९४४ च्या डिसेंबरात कारखान्यालगत बराकी बांधल्या. एका वेळी २,००० हून जास्त स्त्रिया इथे राबत होत्या. युद्धकाळात कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत मिळून किमान ८०,००० जणांना सक्तीने राबवलं गेलं.

परवा ज्या रिलेचं कौतुक केलं, तोच रिले इथे अशा हातांनी बनला. कंपनीचा इतिहास पाहायला आलेल्याने हा दिवस वगळू नये. घाईत उरकूही नये, संध्याकाळची परतीची गाडी ठेवावी. १९९८ मध्ये कंपनीने सक्तीच्या कामगारांसाठी २ कोटी मार्कांचा निधी काढला, नंतर जर्मन उद्योग आणि सरकारच्या सामाईक प्रतिष्ठानातही ती सामील झाली. तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

पाचवा दिवस, शनिवार : म्युनिक

बर्लिनचं मुख्य स्थानक जिथे आहे त्याच परिसरात, जुन्या लेअर्टर स्थानकाजवळ, १८७९ चं उद्योगप्रदर्शन भरलं होतं. ३१ मे पासून तिथे ३०० मीटरच्या गोल रुळावर पहिली विद्युत रेल्वे फिरली. जागेवरून एक नजर टाकून आयसीई या जलद गाडीत बसावं. म्युनिक सुमारे चार तास. वाटेत काही गाड्या एर्लांगेनला थांबतात. १९०३ मध्ये न्युर्नबेर्गच्या शुकर्टचा जड विजेचा धंदा मिळवून झालेली सीमेन्स-शुकर्ट युद्धानंतर इथे आली. बर्लिनचे कारखाने बॉम्बनी मोडले होते, आणि पाश्चात्त्य फौजा जुलै १९४५ मध्ये पोचायच्या आत उरलेली बहुतेक यंत्रं रशियनांनी सोडवून नेली होती. सीमेन्स आणि हाल्स्केचं मुख्यालय १ एप्रिल १९४९ रोजी म्युनिकला हललं. १९६६ मध्ये या दोन आणि आणखी एक अशा तिन्ही शाखा मिळून आजची कंपनी झाली.

विटेल्सबाखर प्लाट्झवरचं मुख्यालय २०१६ चं, तळमजल्याचं अंगण लोकांना खुलं. नोव्हेंबर २००६ मध्ये लाचखोरीच्या तपासात कंपनीच्या कचेऱ्यांवर छापे पडले. जगभर कंत्राटं मिळवण्यासाठी काळ्या खात्यांतून पैसे चारले गेले होते. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलरचा दंड भरावा लागला. त्यानंतरची कंपनी हळूहळू सुटी होत गेली : दिव्यांची ओसराम २०१३, वैद्यकीय यंत्रं २०१८, ऊर्जा २०२०. चिप बनवणारं इन्फिनिऑन तर आधीच, १९९९ मध्ये गेलं होतं.

दुपार इझार नदीच्या बेटावरच्या डॉइशेस म्युझियमसाठी. ते पाचला बंद होतं, आणि नूतनीकरणामुळे काही दालनं बंद असतात, म्हणून विद्युत विभागाचं काय उघडं आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं. १८६६ चा डायनॅमो आणि १८७९ चं मूळ इंजिन, दोन्ही या संग्रहात आहेत.

इंजिन हातगाडीएवढं. चालक त्यावर पाय दोन्हीकडे टाकून बसे, मागे तीन बाकड्यांचे डबे, प्रत्येकात सहा जण पाठीला पाठ लावून. ते मुळात कोटबुसच्या एका कोळशाच्या खाणीसाठी बनवलेलं होतं. १५० व्होल्ट, माणसं भरली की ताशी सात किलोमीटर. चार महिन्यांत सुमारे ८६,००० लोक त्यात बसले. वीज मिळे ती दोन रुळांच्या मधे बसवलेल्या तिसऱ्या, अलग ठेवलेल्या पट्टीतून, आणि परत जाई ती चाकांतून बाजूच्या रुळांत. म्हणजे दोन वर्षांनी लिश्टरफेल्डला जो धोका पत्करला, तो इथे आधीच टाळलेला होता. तिथे तिसरी पट्टी गाळली होती.

२००७ पासून मुंबईत आलेल्या, रेल्वेप्रेमी ज्यांना ‘सीमेन्स रेक’ म्हणतात त्या लोकलमध्येही परतीची वाट तीच आहे. वीज वरच्या तारेतून येते, मोटारीतून जाते, आणि चाकांवाटे रुळांत उतरून उपकेंद्राकडे परतते. इंजिनापुढे वाकून मधली पट्टी कुठून लागत असेल ते पाहिलं, की दादरच्या फलाटावरून दिसणारी जोडणी लगेच ओळखू येते.